आडवें होण्याचे शब्द

इंग्रजी शिकलेल्या बहुतेक श्रोत्यांना शाळेंतला व्याकरणाचा एक तास आठवत असेल. मास्तर फळ्यावर दोन क्रियापदें लिहीत. एक 'लाय' आणि दुसरें 'ले'. मनुष्य अंथरुणावर पडतो, त्याला 'लाय' म्हणावयाचें; कोंबडी अंडें घालते, त्याला 'ले' म्हणावयाचें. येथपर्यंत सारें सुरळीत चाले. मग मास्तर सांगत कीं, 'लाय'चा भूतकाळ 'ले' असाच होतो; आणि त्या क्षणापासून वर्गांतील निम्मीं मुलें आपल्या निबंधांत आजारी आजोबांकडून अंडीं घालवून घेऊं लागत. त्यांतच खोटें बोलणें या अर्थाचा एक 'लाय' होता. त्याचा उच्चार तोच, पण कूळ अगदीं निराळें. तो आला म्हणजे उरलेलीं निम्मीं मुलेंहि हात टेकीत.

हा घोटाळा केवळ परक्या विद्यार्थ्यांचाच आहे असें मात्र नाहीं. लॉर्ड बायरनच्या 'चाइल्ड हॅरल्ड' या काव्याचा चौथा सर्ग १८१८ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत समुद्राला उद्देशून जो भाग आहे, तेथें कवीनें यमकासाठीं 'लाय'च्या जागीं खुशाल 'ले' बसविला आहे, आणि व्याकरणकार तें उदाहरण अजून देत असतात. वस्तुतः ही जोडी आपल्या ओळखीची आहे. मराठींत जसें 'पडणें' आणि 'पाडणें', 'मरणें' आणि 'मारणें', तसेंच तेथें 'लाय' आणि 'ले'. एकांत मनुष्य आपण होऊन आडवा होतो, दुसऱ्यांत दुसऱ्याला आडवें करतो. पण आज व्याकरण सांगण्याचा माझा हेतु नाहीं. अंग टाकणें ही मनुष्याची अगदीं साधी गरज. तिच्यासाठीं एका भाषेनें किती शब्द जमविले, ते कोठकोठून आणले, आणि त्या शब्दांतून त्या समाजाचा इतिहास कसा डोकावतो, एवढेंच आपणांपुढें मांडावयाचें आहे.

प्रथम या 'लाय' शब्दाचेंच कुटुंब पाहूं. इंग्रजींत कायद्याला 'लॉ' म्हणतात. हा शब्द नवव्या-दहाव्या शतकांत इंग्लंडांत वस्ती करून राहिलेल्या उत्तरेकडील दर्यावर्दी लोकांच्या भाषेंतून आला. त्याचा मूळ अर्थ 'खालीं ठेवलेली, घातलेली गोष्ट' असा आहे. आपणही 'घालून दिलेला नियम' असेंच म्हणतों. व्यापाऱ्याच्या पेढीवरील 'लेजर' म्हणजे खतावणी. जी वही एका ठिकाणीं कायम पडून असते ती 'लेजर'. याच कुळांतल्या लॅटिन 'लेक्टुस' म्हणजे शय्या या शब्दापासून फ्रेंचांच्या द्वारें 'लिटर' हा शब्द इंग्रजींत उतरला. त्याचा पहिला अर्थ माणसांनीं वाहून न्यावयाची शय्या, म्हणजे एक प्रकारची पालखीच. पुढें त्याचा अर्थ गुरांखालीं अंथरावयाचें गवत असा झाला. मग इकडेतिकडे पसरलेला केरकचरा. आणि त्याच गवतावर जन्मणारीं एका वेतांतलीं पिल्लें, तींहि 'लिटर'च. पालखीपासून केरापर्यंत एवढा प्रवास फार थोड्या शब्दांच्या वांट्याला आला असेल.

'रेस्ट' हा दुसरा अस्सल देशी शब्द. जुन्या इंग्रजींत त्याचा अर्थ विसावा असा होता आणि विसाव्याची जागा, म्हणजे अंथरूण, असाही होता. परंतु त्याच्या भावंडांची हकीगत अधिक मनोरंजक आहे. गॉथिक भाषेंत 'रास्ता' म्हणजे मैल! जुन्या जर्मनमध्येंही तो शब्द अंतराचें माप म्हणून वापरीत. पायीं चालणारा मनुष्य एका दमांत जितकें चालतो आणि मग टेकतो, तितकें तें अंतर. आपल्या 'मजल' शब्दाचा इतिहास हुबेहूब असाच आहे. अरबी 'मंझिल' म्हणजे उतरण्याचें ठिकाण; त्यावरून एका दिवसाची वाटचाल ती 'मजल', आणि 'मजल दरमजल' करीत सैन्यें चालूं लागलीं. रस्ता मोजण्यासाठीं माणसानें पावलांऐवजीं आपला थकवाच माप म्हणून घ्यावा, ही कल्पना एकमेकांची गंधवार्ताही नसलेल्या दोन भाषांना सुचली.

याहून जुना संबंध पाहावयाचा तर आपल्या संस्कृताकडे वळलें पाहिजे. 'श्रि' या धातूचा अर्थ टेकणें, अवलंबून राहणें. त्यापासून आपला 'आश्रय' झाला. याच मूळ धातूचें ग्रीक रूप 'क्लीनो'. त्यावरून 'क्लीनी' म्हणजे टेकून पडण्याची शय्या, आणि रोग्याच्या शय्येपाशीं येऊन त्याला तपासणारा वैद्य तो 'क्लिनिकोस'. आज गल्लोगल्लीं ज्या 'क्लिनिक'च्या पाट्या दिसतात, तो शब्द असा खाटेवरून निघालेला आहे. इंग्रजींतील 'लीन' म्हणजे टेकणें आणि 'रिक्लाइन' म्हणजे मागें रेलणें हे दोन्ही शब्द त्याचेच सगोत्र. तेव्हां क्लिनिक आणि आश्रय हे शब्द पोटांत शिरून पाहिले तर एकच निघतात, आणि रोग्याच्या दृष्टीनें विचार केला तर त्यांत कांहीं वावगेंही नाहीं.

सन १०६६ मध्यें नॉर्मंडीच्या विल्यमनें इंग्लंड जिंकलें, आणि भाषेच्या घरांत एक नवी, श्रीमंत शय्या आली. 'काउच' हा शब्द फ्रेंच 'कुशे' म्हणजे निजणें किंवा निजविणें यापासून आला. त्याचें मूळ लॅटिन असून 'जागच्या जागीं ठेवणें' असा त्याचा अर्थ होतो. सरदारांच्या ढालींवर पंजे पसरून, मान उभारून बसलेला सिंह चितारीत, त्यालाही 'काउचंट' हाच शब्द. फ्रान्सचा राजा चौदावा लुई सकाळीं उठे तो समारंभ आणि रात्रीं निजे तोही समारंभ. त्याला सदरा कोणीं द्यावा आणि मेणबत्ती कोणीं धरावी याचे मानपान ठरलेले असत. उठण्याच्या समारंभावरून 'लेव्ही' हा शब्द इंग्रजींत रूढ झाला. ब्रिटिश अमदानींत आपल्याकडे व्हाइसरॉय आणि गव्हर्नर यांच्या 'लेव्ही' भरत. निमंत्रणासाठीं खटपट करणाऱ्यांपैकीं कितीजणांना ठाऊक असेल कीं, शब्दशः पाहतां आपण साहेबांच्या झोंपेंतून उठण्याला हजर राहावयास निघालों आहों!

राजाचें निजणें असें थाटाचें. प्रजेचें निजणें घंटेच्या हुकमाचें. मध्ययुगीन गांवांत संध्याकाळीं ठराविक वेळीं घंटा होई आणि लोकांनीं चुली झांकावयाच्या असत, कारण लाकडी घरांना आगीचें भय फार. या 'विस्तव झांका' अशा अर्थाच्या फ्रेंच शब्दांचा अपभ्रंश होऊन 'कर्फ्यू' झाला. आज हा शब्द ऐकतांच दंगल आणि निर्मनुष्य रस्ते डोळ्यांपुढें येतात. मुळांत तो घरोघरच्या चुलीचा आणि निजानिजेचा शब्द होता.

लॅटिनमधून थेट आलेले शब्दही पुष्कळ. 'कुबारे' म्हणजे आडवें होणें, त्यावरून 'कुबिकुलुम' म्हणजे निजावयाची खोली, आणि त्यावरून इंग्रजी 'क्यूबिकल'. पंधराव्या शतकांत त्याचा हाच अर्थ होता. पुढें शाळांच्या वसतिगृहांत निजण्यासाठीं पडदे घालून केलेल्या कप्प्यांना हें नांव मिळालें. आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत कचेऱ्यांतून कारकुनांना बसविण्यासाठीं जे लाकडी खण निघाले त्यांनाही तेंच. दुपारच्या वेळीं तेथें एकाद्या कारकुनाचा डोळा लागला, तर तो व्युत्पत्तिशास्त्राला धरूनच वागत आहे असें म्हणावें लागेल.

मध्यंतरीं एक गोष्ट लक्षांत ठेवली पाहिजे. त्या काळीं बिछाना ही चैनीची, किमती वस्तु होती. वडिलोपार्जित मालमत्तेंत ती गणली जाई. शेक्सपियरनें १६१६ सालच्या आपल्या मृत्युपत्रांत पत्नीच्या नांवें 'दुसऱ्या प्रतीचा पलंग' लिहून ठेवला, त्यावर विद्वानांनीं किती शाई खर्च केली असेल याची गणती नाहीं. कोणी त्यांत उपेक्षा पाहिली. कोणी म्हणालें कीं, पहिल्या प्रतीचा पलंग पाहुण्यांसाठीं असे, दुसरा तो नवराबायकोचा, तेव्हां यांत प्रेमच आहे. हर्टफर्डशायरमधील वेअर गांवच्या एका खाणावळीसाठीं सुमारें १५९० मध्यें केलेला एक प्रचंड पलंग लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयांत आहे. त्याची रुंदी तीन मीटरांहून अधिक आहे, आणि शेक्सपियरच्या 'ट्वेल्फ्थ नाइट' नाटकांत त्याचा उल्लेख येतो. एका पलंगावर अनेक प्रवाशांनीं निजणें त्या काळीं कोणाला चमत्कारिक वाटत नसे.

दिवसाच्या झोंपेचे शब्द निराळे. 'नॅप' म्हणजे डुलकी हा शब्द आज हलकाफुलका वाटतो. पण चौदाव्या शतकांत वायक्लिफच्या अनुयायांनीं बायबलाचें भाषांतर केलें तेव्हां, इस्रायलचा रक्षणकर्ता परमेश्वर झोंपी जात नाहीं असें सांगणाऱ्या स्तोत्रांत त्यांनीं 'नॅप' हाच शब्द योजला. १६११ च्या भाषांतरकारांना तो उणा वाटला असावा; त्यांनीं तेथें 'स्लंबर' घातला. 'सिएस्टा' हा स्पॅनिश शब्द. सूर्योदयापासून मोजलेला सहावा तास, म्हणजे भर मध्यान्ह, असा त्याच्या लॅटिन मुळाचा अर्थ. आपली 'वामकुक्षी' तास पाहत नाहीं, कूस पाहते. जेवणानंतर डाव्या कुशीवर लवंडावयाचें, घड्याळांत कांहीं वाजलेले असोत. 'चाळीस वेळां पापणी मिटणें' अशा अर्थाचा 'फॉर्टी विंक्स' हा वाक्प्रचार एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं रूढ झालेला दिसतो. डॉक्टर विल्यम किचिनर यांच्या आयुष्यवर्धनावरील १८२१ च्या पुस्तकांत तो आहे. हे गृहस्थ पाकशास्त्रावरील एका गाजलेल्या ग्रंथाचेही कर्ते होते, तेव्हां जेवणानंतरच्या विसाव्याबद्दल त्यांचें मत अनुभवाचें मानण्यास हरकत नाहीं.

कांहीं शब्द मात्र लोपले. 'पहिली झोंप' आणि 'दुसरी झोंप' हे त्यांपैकीं होत. अमेरिकन इतिहासकार रॉजर एकर्च यांनीं २००१ मध्यें एक प्रबंध आणि २००५ मध्यें रात्रीच्या इतिहासावर एक पुस्तक लिहून दाखविलें कीं, जुन्या रोजनिशा, न्यायालयांतील जबान्या आणि वैद्यकाचे ग्रंथ यांत 'पहिली झोंप' हा शब्द सर्वांना समजेल अशा रीतीनें सहज येतो. लोक सांजावल्यावर निजत, मध्यरात्रीच्या सुमारास जागे होऊन तासभर प्रार्थना, गप्पा किंवा घरकाम करीत आणि पुन्हां निजत. ही रीत किती सार्वत्रिक होती याबद्दल विद्वानांत मतभेद आहेत. पण रस्त्यांवर आणि घरांत दिवे आले, रात्र लांबली, आणि दोन झोंपांची एक झाली, हा त्यांचा युक्तिवाद विचार करण्यासारखा आहे. व्यवहार गेला म्हणजे शब्दही निघून जातो, आणि मग कागदपत्रांत तो सांपडला तरी ओळखूं येत नाहीं.

आतां आपण पूर्वेकडे येऊं, कारण इंग्रजांच्या दिवाणखान्यांतील आराम बराचसा पूर्वेकडून उचललेला आहे. 'सोफा' हा अरबी 'सुफ्फा'. जमिनीहून उंच, गालिचे व उशा मांडलेला ओटा, या अर्थानें तो सतराव्या शतकांत इंग्रजींत आला. 'ऑटोमन' या बिनपाठीच्या आसनाला तर तुर्कांच्या राजवंशाचेंच नांव मिळालें. 'दिवाण' या फार्शी शब्दाची कथा आपल्याला जवळची आहे. हिशेबाची वही, मग दप्तर, मग दप्तराचा कारभार, मग कारभाऱ्यांची सभा, मग सभेची जागा आणि शेवटीं त्या जागेंत भिंतीलगत मांडलेली गादीची बैठक. आपण यांतला अधिकार उचलला. आपल्याकडे दिवाण, दिवाणी आणि दिवाणखाना झाला. इंग्रजांनीं गादी उचलली. त्यांचा 'दिवान' लोळण्याचा झाला.

या सर्वांत खाटेची गोष्ट मला फार आवडते. संस्कृत 'खट्वा', त्यापासून 'खाट'. सतराव्या शतकांत ईस्ट इंडिया कंपनीच्या लोकांनीं ती येथें पाहिली आणि 'कॉट' म्हणून आपल्या भाषेंत घेतली. युल आणि बर्नेल यांच्या 'हॉब्सन-जॉब्सन' या १८८६ सालच्या प्रसिद्ध कोशांत तिची नोंद आहे. जहाजांवर टांगत्या बिछान्याला 'कॉट' म्हणूं लागले. इंग्लंडांत तान्ह्या मुलाच्या कठडेदार पलंगाला तें नांव मिळालें. अमेरिकेंत घडीच्या खाटेला मिळालें. आणि मग हीच खाट साहेबी पोषाख करून परत आमच्या घरीं आली. सुंभाची किंवा नवारीची ती खाट नाहीं तर बाज, आणि लोखंडी, इस्पितळांतली ती 'कॉट', असा भेद आम्ही करूं लागलों. दोघी एकच, हें कोणाच्या ध्यानांतही येत नाहीं. 'पर्यंक' या शब्दाचेंही असेंच. त्याचा एक वंशज आपला 'पलंग', आणि दुसरा, पोर्तुगीजांच्या तोंडून गेलेला, 'पॅलंक्विन'. साहेब आंत पाय ताणून निजलेला आणि खांद्यावर दांडी घेऊन भोई धांवत असलेले. विसाव्याच्या या एका शब्दांत दुसऱ्याचा घाम किती मुरला आहे तें यावरून कळेल.

कारण घाम गाळणाऱ्यांचेही स्वतःचे शब्द आहेत, आणि ते काउच-सोफ्याच्या पंक्तीला बसणारे नाहींत. 'किप' हा शब्द बहुधा डॅनिश भाषेंतून आला. तेथें त्याचा अर्थ झोंपडीवजा हलका गुत्ता. अठराव्या शतकांत इंग्रजींत त्याचा अर्थ बदनाम घर असा होता. मग गरिबांची रात्रीची खाणावळ, मग तींतलें अंथरूण, आणि शेवटीं नुसती झोंप. 'डॉस' हा शब्द पाठ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला असावा. 'पाठ टेकणें' ही आपली भाषाही तीच आहे. अमेरिकन मजुरांची गादी म्हणजे गवत भरलेलें पोतें, म्हणून निजावयास जाणें म्हणजे 'गवतावर आदळणें' किंवा 'पोत्यावर आदळणें'.

ज्यांना गवतही नव्हतें त्यांचें काय? इंग्लंडांतील १८२४ च्या भटक्यांविषयींच्या कायद्यानें, निर्वाहाचें साधन नसलेल्या आणि समाधानकारक खुलासा करूं न शकणाऱ्या माणसानें उघड्यावर निजणें हा गुन्हा ठरविला. १९०२ मध्यें अमेरिकन लेखक जॅक लंडन फाटके कपडे घालून लंडनच्या पूर्व भागांत राहिला. त्यानें पुढील वर्षीं प्रसिद्ध केलेल्या पुस्तकांत 'निशाण वाहणें' असा एक वाक्प्रचार नोंदला आहे. त्याचा अर्थ, पोलीस कोठेंही पडूं देत नाहींत म्हणून रात्रभर रस्त्यांतून चालत राहणें. जॉर्ज ऑर्वेलनें १९३३ च्या पुस्तकांत दोन पेन्सच्या निवाऱ्याचें वर्णन केलें आहे. बांकावर ओळीनें बसावयाचें, पुढें बांधलेल्या दोरावर अंग टाकावयाचें, आणि पहांटे पांचाला तो दोर कापला जावयाचा. चार पेन्स दिले तर लांकडी पेटी मिळे, आणि तिला लोक 'शवपेटी' म्हणत. ज्या भाषेंत आडवें होण्याला एवढे शब्द, त्याच भाषेंत आडवें होऊं न दिल्याचेही शब्द आहेत.

हा प्रश्न आपल्या मुंबईलाही परका नव्हता. येथील गिरण्यांत कामगारांना आठवड्याची ठराविक सुटी नसे. महात्मा फुले यांचे सहकारी आणि 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ पासून ज्या मागण्या मांडल्या, त्यांत रविवारची सुटी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांति या दोन प्रमुख होत्या. अखेर १० जून १८९० रोजीं गिरणीमालकांनीं रविवारची सुटी मान्य केली. आज रविवारीं दुपारीं आपण निश्चिंतपणें जी वामकुक्षी करतों, तिच्यामागें सहा वर्षांचे अर्ज, सभा आणि सह्या आहेत.

इंग्रजींत स्मशानभूमीला 'सिमेटरी' म्हणतात. ग्रीक भाषेंत त्याचा अर्थ 'निजावयाची जागा'. आरंभींच्या ख्रिस्ती लोकांनीं मृत्यु ही झोंप मानली म्हणून तो शब्द दफनभूमीला लाविला. त्याचें मूळ आणि आपल्या 'शयन' शब्दांतील 'शी' धातूचें मूळ एकच आहे. तेवढी एक शय्या सर्वांना न मागतां मिळते. बाकीच्या मिळवाव्या लागतात.

आणि आपला 'विश्रांति' शब्द पाहा. त्यांत 'श्रम' हा धातु उघड बसलेला आहे; श्रम थांबणें ती विश्रांति. म्हणजे ज्यानें श्रम केलेच नाहींत त्याच्या लोळण्याला हा शब्द लावण्याची सोय आपल्या पूर्वजांनीं ठेवलेली नाहीं. रात्रीं दिवा मालवून पाठ टेकतांना, आपण यांपैकीं कोणता शब्द कमावला आहे, एवढें ज्यानें त्यानें आपल्याशीं पाहावें.